काकीची पारख

अनसूया मयेकर काकीच्या नाकावर चष्मा आला, त्या दिवशी परमिट रूममधल्या गिऱ्हाइकांनी आधी ग्लास खाली ठेवले आणि मग पोटभर हसून घेतलं.

"काकी, म्हातारी झालंस गो!" बावकर पेंटर म्हणाला.

"डोळे माझे शाबूत आसत. तू रंगवलेली ती समोरची भिंत वाकडी दिसता, ती मी हयसून बघतंय."

पेंटरने ग्लास पुन्हा उचलला. काकीपुढे बोलून जिंकलेला माणूस मालवणच्या त्या बंदरवाटेवर अजून जन्मायचा होता.

चष्म्याला नंबर नव्हता. काळी जाड फ्रेम, आणि दांडीत तांदळाच्या दाण्याएवढा एक डोळा. समोरच्या माणसाची बुबुळं कशी हलतात, जीभ कुठे अडखळते, पाय कसा पडतो, हे सगळं तो डोळा टिपून घ्यायचा. ग्लासाखाली एक पातळ चकती ठेवायची, ती बोटांच्या घामावरून अंगात किती दारू गेली ते सांगायची. आणि या सगळ्यावर काकीने काय केलं, ग्लास भरला की थांबवला, तेही त्याला जोडून ठेवलं जायचं.

हे सगळं कायद्याने आणलं. पिऊन निघालेल्या माणसाने रस्त्यावर किंवा दर्यात अपघात केला, तर आता ग्लास भरणाराही जबाबदार धरला जाणार होता. त्यामुळे दारू देणाऱ्या प्रत्येक हॉटेलच्या व्यवस्थापकाचा जुना दाखला रद्द झाला. नवी पात्रता मिळवा, नाहीतर शटर खाली ओढा. नवरा गेल्यापासून काकीनेच हे हॉटेल चालवलं होतं. मुलगा जयवंत मोठा झाला, लग्न झालं, तरी गल्ल्यावर तीच बसायची. शटर खाली येणं म्हणजे तिच्या दृष्टीने जितेपणी खाटेवर पडणं होतं.

"आये, परीक्षा-बिरीक्षा काय नाय," जयवंतने सांगितलं होतं. "चष्मो घालायचो आणि नेहमीसारखा काम करायचा. तो बघतलो आणि शिकतलो."

"माझ्याकडसून शिकात तर शाणो होईत," काकी म्हणाली, आणि चष्मा चढवला.

काकीची स्वतःची एक रीत होती. गिऱ्हाईक आत आलं की त्याने गाडीची चावी तांदळाच्या डब्यात टाकायची. ती चावी काकीच्या हातून परत मिळायची, कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी. आणि पहिला ग्लास पुढे सरकवताना काकी एकच विचारायची.

"घराक कोण वाट बघता?"

उत्तर खरं की खोटं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. उत्तर द्यायच्या आधी माणूस कुठे बघतो, तेवढंच ती बघायची. दाराकडे बघून बोलला, तर तो घरी जाणार. ग्लासाकडे बघितलं, तर लक्ष ठेवायचं. आणि भिंतीकडे बघितलं, तर त्याला तो एकच ग्लास. पुढे काकी स्वतः उठून सोलकढीची वाटी आणून त्याच्यासमोर ठेवायची. सोलकढी आली म्हणजे आजची दारू संपली. त्यावर वाद घालायची सोय नव्हती. एकाने घातला होता. काकीने त्याचा ग्लास त्याच्यादेखत मोरीत ओतला आणि पुढचे गणपती येईपर्यंत त्याला पायरी चढू दिली नाही.

या प्रश्नाने माणसं मोकळी व्हायची. घरात न बोललेलं गल्ल्यावर बोलायची. बाबी तारी त्यातलाच. मोठ्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा मुख्य माणूस. खलाशांचे जीव त्याच्या नजरेवर. चष्म्याचे दिवस चालू असतानाच तो एका दुपारी आला, प्रश्न ऐकला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"बायल वाट बघता, काकी. पण माकाच वाट दिसणा नाय. डाव्या डोळ्यात मधीच काळोख येता. बोटीवर कोणाक सांगूक नाय."

"घरात?"

"घरात तर नायच."

काकीने सोलकढी आणून ठेवली. "उद्या कुडाळाक डोळ्याच्या डॉक्टराकडे जा. गेलंस नाय तर मगे मी सगळ्यांक सांगतलंय."

ते धमकावण्यापुरतं. बाबी डॉक्टरकडे गेला, औषध चालू झालं, डोळा सुधारायला लागला. काकीने ही गोष्ट जयवंतलासुद्धा सांगितली नाही.

पावसाळा संपता संपता दाखला आला. त्यावर 'श्रीमती अनसूया मयेकर' असं ठळक छापलेलं. काकीने तो चौकटीत बसवून नवऱ्याच्या फोटोशेजारी टांगला, येईल त्याला पेढा दिला, आणि पेंटरला दोन दिले, कारण त्याने कबूल केलं की भिंत वाकडी आहे. दाखल्याबरोबर एक पांढरी पेटीही आली. जयवंतने ती गल्ल्याच्या वर ठोकली, आणि बाटल्यांच्या तोंडाला तिच्या हुकमाने उघडणाऱ्या नळ्या बसवल्या.

"ह्या काय?"

"पारखी म्हणतत तेका. दाखल्याबरोबर येता. अजून चालू नाय, कनेक्शन येवचा आसा."

काकीने पेटीवर एक फडका मारला आणि विसरून गेली.

मग बाबी तारी आला. बऱ्याच दिवसांनी, आणि भर दुपारी, जेव्हा बोटी समुद्रात असतात. चावी डब्यात टाकली नाही. टेबलावरचा ग्लास उचलून त्याने पालथा घातला.

"काय रे, उपास?"

"माका बोटीवरसून उतरवल्यांनी."

काकीचा हात गल्ल्यावर थांबला.

"विमेवाल्यांचो निरोप इलो. तांडेलाची नजर जोखमीची आसा म्हणान. डॉक्टर म्हणता डोळो सुधारता हा, पण तेंका तेचा काय नाय. काकी, ह्या मी एकाच माणसाक सांगितलंय."

"मी?" काकी उभी राहिली. "बाबी, तुझ्या बायलेक मी सांगूक नाय. पोटच्या झिलाक सांगूक नाय!"

"माकाही तसाच वाटला. मगे काल मी कट्टा गावच्या नाक्यावरच्या बारात गेलंय. गल्ल्यावर कोण नाय. वर अशीच पेटी. मी बसलंय, आणि पेटीतसून तू इचारलंस, घराक कोण वाट बघता."

"मी?"

"तुझो आवाज. तुझो तो मधी श्वास घेवचो, तोसुद्धा. मी उठान उभो रवलंय, काकी. वाटला, तू थयपण इलंस." तो दाराकडे वळला. जाताना एवढंच म्हणाला, "मी तुझ्याकडे बोललंय. पेटीकडे नाय."

काकीने वर बघितलं. पांढरी पेटी तिच्यासारखीच गप्प होती.

जयवंत मागच्या पडवीत सुरमईचे तुकडे करत होता. काकीने त्याच्या हातातला कोयता काढून बाजूला ठेवला.

"बाबीचा बोलणा खय गेला?"

त्याला लगेच कळलं. अगदी लगेच कळलं, हेच काकीला आधी झोंबलं.

"आये, कायद्यातच आसा. माणसाच्या जोखमीची चष्म्यातली नोंद विम्याक जाता. गाडीच्या, बोटीच्या. सगळीकडे."

"आणि माझो आवाज?"

"दाखलो घेवचे दोन प्रकार होते," तो खाली बघून बोलायला लागला. "एक, कंप्युटरवर परीक्षा. दुसरो, नजर द्यायची. त्यांनी तुझी पारख शिकून घेवची आणि बदल्यात दाखलो. मगे ती पारख त्यांची. ज्या बारात माणूस नाय, थय ती पेटी लावतत. आता आपल्याकडेपण ती बोलतली. गल्ल्यावर तू बसलंस काय, नाय बसलंस काय."

"दोन प्रकार होते."

"होय."

"माका तू एक सांगलंस."

"तू चौथी शिकलंस, आये! परीक्षेत कलमा इचारतत, टक्के इचारतत. नापास झालंस असतंस तर? बाजारात लोक हसले असते."

"माका, की तुका?"

जयवंत सुरमईचे तुकडे टोपलीत भरायला लागला.

"बावकराच्या पोरीन माका वाचून दाखवला असता. मी पाठ केलंय असतंय. आणि नापास झालंय असतंय, तरी ता नापास होणा माझा असता. तू ताही माका ठेवलंस नाय." काकीचा आवाज चढला नाही. तो चढला नाही म्हणून जयवंत जास्त घाबरला. "माणसा माझ्यापुढे काळीज काढून ठेवायची, जयवंता. आणि माझ्याच नाकावर बसून तू ता उचललंस. ता बोटवाल्यांक, विमेवाल्यांक जाईत, ह्या तुका म्हायत होता?"

उत्तर द्यायच्या आधी जयवंतने भिंतीकडे बघितलं.

काकीने पुढे विचारलं नाही. तिला जे बघायचं ते दिसलं होतं.

पेटी बंद करता येत नव्हती. ती बंद तर नळ्या बंद, आणि परवानाही. चार दिवसांनी ती बोलायला लागली. गिऱ्हाइकं आली, कारण दारू तीच होती. पेटी विचारायची, "घराक कोण वाट बघता?" आणि माणसं काकीकडे न बघता दाराकडे मान वळवून म्हणायची, "बायको." सगळ्यांना एव्हाना कळलं होतं की कुठे बघायचं. नळी उघडायची, ग्लास भरायचा. बावकर पेंटर विधुर होता, तोही दाराकडे बघून "बायको" म्हणाला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि कोणी हसलं नाही. काकीने उठून त्याच्यापुढे सोलकढी ठेवली.

"पेटी देता हा ना?" तो हळूच म्हणाला. "मगे तू कशाक?"

पुढच्या दुपारी, हॉटेल रिकामं असताना, काकी गल्ल्यावरून उठली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर जाऊन बसली. उभ्या जन्मात ती त्या बाजूला बसली नव्हती, आणि थेंबही घेतला नव्हता. तिने ग्लास नळीखाली सरकवला आणि चकतीवर बोटं टेकवली.

"घराक कोण वाट बघता?" तिच्याच आवाजात पेटीने विचारलं.

किती मायेने विचारते ही, असं काकीला वाटलं. मी खरंच असं विचारत होते?

दाराकडे बघायचं तिला माहीत होतं. सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. पण नजर वळली ती भिंतीकडे, जिथे नवऱ्याच्या फोटोशेजारी दाखला टांगला होता.

नळी उघडली नाही. "आज नको," पेटी म्हणाली. "सोलकढी घे."

काकी थांबली. पेटीही थांबली. सोलकढी आली नाही. कट्ट्यालाही आली नसेल. जिथे जिथे तिचा आवाज टांगला होता, तिथे कुठेच येत नसेल. पेटीने सगळं शिकून घेतलं होतं, फक्त उठून आत जायचं तेवढं राहिलं होतं.

मग आतल्या दारात पावलं वाजली. जयवंत उभा होता. हातात सोलकढीची वाटी, काठोकाठ भरलेली, आणि गुलाबी थेंब फरशीवर सांडत होते. उंबरा ओलांडायचं त्याला धाडस होत नव्हतं.

काकीने त्याच्याकडे बघितलं. वाटी घ्यायला हात पुढे केला नाही आणि मागेही घेतला नाही.

"जयवंता," ती म्हणाली, "तुझी घराक कोण वाट बघता रे आता?"

वर पेटीत हिरवा दिवा लागला. आवाज ओळखीचा होता, प्रश्नही ओळखीचा. काकीबरोबर पेटीही त्याची नजर कुठे वळते ते बघू लागली.