थर्लो सरांचं टायगर मॉथ

दार लोटा रे, वारं येतंय. ते टायगर मॉथ, ते जुनं दोन पंखी विमान, आपल्या फ्लाइंग क्लबसाठी घ्यायचं म्हणताय ना? मग आधी ते कुणाकुणाचं होतं, ते ऐका.

महायुद्धात त्यावर पोरं उडायला शिकली. नंतर ते भंगारात निघालं. ते इथल्याच, नॉरफोकच्या विल्फ्रेड थर्लोंनी घेतलं. पंखांचं कापड त्यांच्या बायकोने जेवायच्या टेबलावर शिवलं. अर्ध्या जिल्ह्याला सरांनी त्यावर शिकवलं. माझा दोस्त डडली, तोही त्यांचाच चेला.

म्हातारपणी सरांना दिसेनासं झालं, ते वृद्धाश्रमात गेले. मुलाने, बॅरीने, कागदावर काय लिहिलंय ते न सांगता त्यांची सही घेतली आणि विमान गुपचूप डडलीला विकलं.

"म्हाताऱ्याला बोलू नकोस हां," बॅरी म्हणाला. "उगाच तमाशा करेल."

डडली भेटायला गेला की सर त्याचा हात धरायचे. "मी गेल्यावर विमान आपल्या क्लबला द्या. पोरं शिकतील."

"हो, सर."

दर वेळी हेच. मार्चमध्ये सर गेले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दिवस मावळताना, डडली विमान न्यायला गेला. इंजिन चालू करायला बॅरीने पुढचा पंखा फिरवून दिला. डडली एकटाच, मागच्या सीटवर. शिकवणारा पुढे बसतो, आणि दोघांमध्ये बोलायला, कानाशी लावायची, एक रबरी नळी असते, एवढं तुम्हाला माहीतच आहे.

नदी ओलांडली, आणि कानात आवाज आला.

"पाय हलका ठेव."

डडलीने ठेवला. सवयच तशी. मग त्याच्या अंगावर काटा आला. पुढची सीट रिकामी होती.

"क्लब डावीकडे राहिला..."

त्याने विमान सरळच ठेवलं.

"डडली."

"...हो, सर."

"वळव."

खाली अंधारत होतं. डडलीचं स्वतःचं शेत समोर दिसत होतं.

"वळवतो, सर," तो म्हणाला.

आणि वळवलं नाही.

पुढे शब्द नाही. फक्त श्वास. कानात. संथ... म्हाताऱ्या माणसाचा.

विमान शेतात उतरलं. इंजिन बंद केलं. श्वास चालूच.

महिन्याभरात डडलीने ते विकून टाकलं. घेणाऱ्याला काही सांगितलं नाही. त्यानेही पुढच्याला नाही सांगितलं. आता तोच पुढचा तुम्हाला विकतोय. जे तुमचंच होतं, ते.

डडली मला एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी बॅटरी घेऊन तो पुढच्या सीटपाशी गेला. नळीचं तिथलं तोंड ओलं होतं. त्याने रुमालाने पुसलं. कोरडं केलं.

बघत उभा राहिला.

ते परत ओलं झालं.