एकावन्न जणांचं पान

यातला एकही शब्द पदरचा नाही. जिच्या बाबतीत हे घडलं, त्या अक्षयानेच हे सांगितलंय. बँकेचं नाव तेवढं विचारू नका.

सप्टेंबर महिना. सर्वपित्री अमावस्या नेमकी रविवारी आलेली. जागा लंडनच्या वेशीवरच्या स्टॅनमोरची, अक्षयाच्या घरामागचं गार्डन.

वेळ भर दुपारची. हो, दुपारचीच! असलं काही रात्रीच घडतं, असं कुणी सांगितलं?

अक्षया लंडनमधल्या एका जुन्या खाजगी बँकेत नोकरीला. व्हिसा बँकेच्या स्पॉन्सरशिपवर, आणि नवरा अपूर्वचा तिच्या व्हिसावर. नोकरी गेली की दोघांनी बॅगा भरायच्या. सासरे मुरलीधर नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले.

बँकेला दोनशे वर्षं होत आली होती. त्या निमित्ताने निघणारं पुस्तक अक्षयाकडे होतं. जुने कागद चाळताना तिला एक यादी सापडली. बँकेच्या संस्थापकाचा जमैकात उसाचा मळा होता. मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली...

मालकाला! जे राबले त्यांना छदामही नाही. त्याच पैशावर ही बँक उभी राहिली.

यादीत त्या गुलामांची एकावन्न नावं होती. क्वाको. मिंबा. फीबा...

अक्षयाने ते पान पुस्तकात घातलं. शुक्रवारी चेअरमनने बोलावलं. हा त्याच संस्थापकाचा वंशज.

"लव्हली वर्क, अक्षया. ते एक पेज तेवढं काढून टाक." मग जाता जाता, "तुझा व्हिसा यंदा रिन्यू करायचाय ना?"

हे सहज विचारलं होतं? अक्षयाला तसं वाटलं नाही. तिने पान काढलं. अपूर्वलाही काही बोलली नाही.

आणि रविवारी...

मुरलीधरांनी पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. गार्डनच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. एरवी तिथले कावळे हातातला टोस्टसुद्धा सोडत नाहीत.

कावळे आले. शेडवर बसले, फेन्सवर बसले, शेजारच्या छपरावर बसले.

पण एकही ओरडेना...

एकही पानाला शिवेना.

"कुणाची तरी इच्छा राहिलीय," मुरलीधर म्हणाले. हात जोडून ते एकेकाला कबूल करू लागले. आईला, अण्णांना, धाकट्या भावाला.

"बाबा, ब्रिटिश कावळे आहेत ते. इंग्लिशमध्ये सांगून बघा ना," अपूर्व म्हणाला.

अक्षयाला हसू आलं नाही. आधी तिला शेजाऱ्यांचा संशय आला. त्यांनीच काही खायला घातलं असेल. मग चटणीचा आला. मग तिच्या लक्षात आलं, कावळे पानाकडे बघतच नव्हते.

ते तिच्याकडे बघत होते...

तिने मोजले.

एकावन्न.

पान सारखं करायच्या निमित्ताने ती पुढे झाली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "घालीन. तुमची नावं पुस्तकात परत घालीन."

पंख फडफडले. एक म्हातारा कावळा उतरला आणि त्याने वड्याला चोच लावली. मग सगळेच तुटून पडले.

"कुणाचं राहिलं होतं गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय माहीत, बाबा."

सोमवारी ऑफिसात फाईल उघडून ती तासभर नुसती बसली. शेवटी व्हिसा आठवला. कावळ्यांचं काय एवढं, असं मनाशी म्हणत तिने पुस्तक त्या पानाशिवाय छापायला पाठवलं. व्हिसा आणखी तीन वर्षांसाठी वाढला.

त्या दिवसापासून गार्डनमध्ये पाखरू फिरकलं नाही...

डिसेंबरात मुरलीधर गेले. नाश्ता करता करता, खुर्चीतच. काही आजार नव्हता.

दहाव्या दिवशी त्याच भिंतीवर पिंड ठेवला.

कावळे आले. बसले...

शिवेनात.

अपूर्वने सगळं कबूल केलं. नागपूरचं घर विकणार नाही म्हणाला. आत्याला सांभाळीन म्हणाला. बोलता बोलता तो रडायलाच लागला. "अक्षया, बाबा तुला काही बोलले होते का गं? आठव ना!"

तिला माहीत होतं, हे बाबांचं नव्हतं. पण पुस्तकं कधीच वाटून झाली होती. आणि एकदा फिरवलेला शब्द पुन्हा कुठल्या तोंडाने द्यायचा?

"नाही रे," ती म्हणाली.

चार वाजता अंधारून आलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. सगळे आत वळले, तेव्हा अक्षया एकटी मागे थांबली. तिने मोजले. मग पुन्हा मोजले.

बावन्न होते.

आता ते रोज सकाळी येऊन शेडवर बसतात. अपूर्व टोस्टचे तुकडे टाकतो, "बाबा" म्हणून हाकही मारतो. एकही शिवत नाही. त्याला अजून काहीच माहीत नाही, आणि अक्षया किचनचा पडदा उघडत नाही.