नवलची प्रत

आमच्या कंपनीत यंत्रांना माणसांची नावं आहेत. खानदेशातल्या दवाखान्यांचे स्कॅन आम्ही साठवतो. एकेका स्कॅनची एक प्रत जळगावच्या आणि एक धुळ्याच्या यंत्रावर ठेवली जाते. मालक पारसभाऊंचं म्हणणं, जो ज्या यंत्राला सांभाळतो त्याचंच नाव द्या, म्हणजे फोन कुणाला करायचा ते कळतं. जळगावचं यंत्र ज्योती. ते सारखं तापतं, त्यावरून माझी भरपूर चेष्टा झालेली आहे. धुळ्याचं यंत्र नवल. नवल माझा धाकटा भाऊ, त्याला इथे मीच चिकटवला.

ही यंत्रं सतत एकमेकांना ‘मी आहे’ असं कळवत असतात. एक गप्प झालं की दुसरं काम थांबवतं आणि माणसाला विचारतं. कारण मधली केबल तुटली तर दोघंही जिवंत असतात आणि दोघंही दुसऱ्याला मेलेलं समजतात. म्हणून आधी पलीकडे फोन करून खात्री करायची, असा नियम आहे.

श्रावणातल्या एका शनिवारी पारोळ्याजवळ जेसीबीने केबल उखडली. दवाखान्यातून स्कॅनसाठी फोनावर फोन येत होते आणि नवलचा लागत नव्हता. पडद्यावर प्रश्न आला : ‘नवल मृत आहे. खात्री आहे?’ मी वैतागून ‘हो’ दाबलं. स्कॅन उघडला.

दुपारी केबल जोडली गेली. नवलला सांगून धुळ्याचं यंत्र परत घेते, असं मी म्हणाले, तेव्हा पारसभाऊंनी विचारलं, कोण नवल? त्यांना थट्टेची खोड आहे, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.

मेहरूणला घरी आले तेव्हा आई उद्याच्या कानबाईदेवीच्या सणाला नैवेद्याचे रोट करायचे म्हणून गहू काढत होती. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. तिने आबांची घेतली, मोठ्या भावाची घेतली आणि पोत्याचं तोंड बांधलं. नवलची राहिली, मी म्हणाले.

“बठ्ठा माणसेसन्या मुठी लिध्यात मी,” आई म्हणाली. “आते नवल कोन शे?”

आई देवाच्या कामात चेष्टा करणारी बाई नाही.

तेवढ्यात फोन वाजला. नवलचा होता. त्याचा आवाज फार लांबून येत होता.

“अक्का, मी आठेच शे. मनाकडे कोनीच देखत नही.”

धुळ्यात चहावाला त्याला चहा देत नव्हता. त्याच्या खोलीला घरमालकाने दुसरं कुलूप घातलं होतं. हात करूनही बस थांबत नव्हती. सांगता सांगता तो रडायला लागला, आणि मी तशीच ऑफिसकडे निघाले.

मृत म्हणून बाहेर काढलेलं यंत्र जसंच्या तसं आत घेता येत नाही. त्याच्याकडचं सगळं पुसायचं आणि इकडे ज्योतीवर जे आहे त्याची प्रत त्याच्यावर चढवायची. दुसरा मार्ग मला माहीत नव्हता. तुझ्याकडचं सगळं जाईल, असं मी फोनवर सांगितलं.

“काय बी कर,” तो म्हणाला, “पन माले घर लई जाय.”

मी पुसलं. फोनवरचं रडणं मध्येच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवल दारात उभा होता. आई त्याला उशीर झाला म्हणून रागावली. त्याच्या वाट्याचे गहूही दळून झाले होते. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

तो जेवायला बसला. लहानपणीच्या गमती सांगून आईला हसवत होता. मला त्या सगळ्या ठाऊक होत्या.

मागे त्याने धुळ्यातल्या एका मुलीबद्दल सांगितलं होतं. नाव कानबाईला आल्यावर सांगतो, म्हणाला होता. मी त्याच्या ताटात रोट वाढला आणि हळूच विचारलं, नाव काय रे तिचं?

त्याने रोटाचा तुकडा मोडला.

“तूच सांग ना अक्का,” तो म्हणाला. “मंग माले माहीत व्हई.”

आणि माझ्या ओठांकडे बघत थांबला.