सान्वी मामाच्या आवाजात वाचते

सोमवारी दुपारी सव्वाबाराला, कोपरीतल्या एका शाळेत, दुसरीतल्या सान्वीने पुस्तक उलटं धरून अख्खा धडा न अडखळता वाचला. माकड झाडावर चढलं, आंबा खाली पडला... आणि मध्येच ती म्हणाली, "चला, पुढे सरका, दारात गर्दी नको."

वर्ग हसला. समिधाबाईंनी कपाळाला हात लावला.

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी खाकी कपड्यांतला एक तरुण उभा होता. खोपट बस डेपोतला कंडक्टर, यज्ञेश. सान्वीचा मामा.

"धडा तुम्ही शिकवता?" समिधाने विचारलं.

"रेकॉर्ड करून पाठवतो, मॅडम. ताई कामावर, मी ड्युटीवर. गाडीत वेळ मिळेल तसं बोलतो. ही रोज ऐकते. हुशार आहे ना?"

"हुशार आहे. वाचता येत नाही तिला."

समिधाने सान्वीच्याच पाटीवर 'बदक' लिहून तिच्यापुढे धरलं. सान्वीने पाटीकडे नाही, मामाच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलले – "ब..."

"तुम्ही गप्प."

तो गप्प झाला. सान्वीही.

"पुढच्या आठवड्यात बुधवारी वाचनाची तपासणी आहे. न पाहिलेला उतारा येणार. मान हिची खाली जाईल, तुमची नाही." समिधाचा आवाज चढला. "अक्षरं आम्ही शिकवू. पण घरी रोज कुणीतरी शेजारी बसायला हवं. तोंड बंद ठेवून."

"कंडक्टरला सांगताय हे?"

"जमेल का?"

"तुम्ही अशा बघत राहिलात तर... काय पण जमेल."

समिधाला राग आला. राग आला, असं तिने घरी जाईपर्यंत स्वतःला बजावलं.

यज्ञेशने सकाळची ड्युटी मागून घेतली. दुसऱ्याच दिवशी सान्वीने वर्गात तक्रार केली, "बाई, मामा गप्प बसतो, पण डोळ्यांनी सांगतो."

"मग भिंतीकडे तोंड करून बस म्हणावं."

शुक्रवारी संध्याकाळी समिधाच्या फोनवर एक रेकॉर्डिंग आलं. पंख्याची घरघर. मामाचा वैतागलेला सुस्कारा. बराच वेळ काही नाही. मग, "प... ण... पण... पणती. मामा, पणती आहे ही."

त्यानंतर त्याचा आवाज, हळू. "मॅडम, इतका वेळ गप्प बसलो ते तिच्यासाठी. आता माझ्यासाठी बोलतो. रविवारी साडेपाचला तलावपाळीला येता? ती दुकानांच्या पाट्या वाचेल. मी... मी तुमच्याकडे बघेन. आवडता तुम्ही मला."

"काय माणूस आहे हा," समिधा पुटपुटली, आणि तिने ते पुन्हा लावलं. पहिल्यांदा सान्वीसाठी ऐकलं होतं.

जोडाक्षर आलं की सान्वी अजून अडते. तपासणी व्हायची आहे. समिधाने उत्तर पाठवलेलं नाही. रविवारी साडेपाचला मात्र ती तलावपाळीला रिक्षातून उतरली.