पाठमोरीची कोरी फ्रेम

कोकिळाच्या हातून जे घडलं ते चांगल्या हेतूनं घडलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक तिलाच बोल लावतात.

बुऱ्हाणपूरला शनवारा वेशीजवळच्या फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात ती डिझाइनचं काम करायची. दिवसभर वाढदिवसाचे बोर्ड, लग्नपत्रिका आणि हात जोडून हसणारे पुढारी. त्यातून वेळ काढून ती जे करायची ते घरच्यांना कधी उमगलं नाही. ‘मोबाईलवर कार्टून बघते,’ एवढंच आई शेजारणींना सांगायची, तेही आवाज खाली आणून.

ते कार्टून म्हणजे फोपनार गावच्या निंबानं एकट्यानं, तडा गेलेल्या मोबाईलवर बोटानं काढलेली मालिका. अकरा भाग. केळीच्या बागेतून, बाजारातून, तापीच्या घाटावरून चालणारी एक बाई, जिचं तोंड कधी दिसत नाही. लोक तिला पाठमोरी म्हणत. पाठीशी कंपनी नाही, जाहिरात नाही, तरी इंटरनेटवर बघणारे हजारो. कावीळ होऊन निंबा गेला तेव्हा गावात त्याच्यासाठी जेवढे रडले, त्याच्या कितीतरी पट लोक मोबाईल हातात धरून रडले.

त्याच्या मागे चाहत्यांचे तीन ग्रुप उरले. एक व्हॉट्सॲपवर, एक टेलिग्रामवर, एक डिस्कॉर्डवर. तिन्ही एकमेकांवर गुरगुरायचे. कोकिळानं त्यांना ‘संस्थानं’ असं नाव ठेवलं होतं. सहा महिने भांडून, समजावून, दोन ॲडमिनांचे रुसवे काढून तिनं ती एकत्र आणली. ग्रुपात त्या वर्षाला अजून विलीनीकरणाचं वर्ष म्हणतात. या कामात तिच्या बरोबरीनं उभी राहिली देडतलाई गावची सुनंदा. दोघींची भेट वर्षातून दोनदा, बोलणं मात्र रोज. सुनंदाच्या उजव्या कानाखाली ठसठशीत तीळ होता. कोकिळा चिडवायची, ‘देवानं तुला काढून झाल्यावर पेन तिथंच टेकवून ठेवला!’

एकत्र झालेल्या ग्रुपचा नियम एकच होता. पाठमोरीची चित्रं हवी तेवढी काढा, तोंड काढायचं नाही. आणि पहिलं काम ठरलं दुरुस्तीचं. निंबाच्या प्रत्येक भागात एका ठिकाणी पांढरा झटका बसायचा. एक फ्रेम कोरी, पापणी लवेपर्यंत संपणारी. बिचाऱ्याकडून राहून गेली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मागचं आणि पुढचं चित्र दिलं की मधलं आपोआप बनवून देणारं सॉफ्टवेअर होतंच. कोकिळानं हुकूम सोडला आणि सुनंदानं अकराही फ्रेमा भरल्या. दोन प्रती फिरायला नकोत म्हणून ग्रुपवरच्या आणि चॅनलवरच्या जुन्या फाइली पुसूनही टाकल्या. परक्याला हे सुचलं नसतं. इतकं जीव लावणाऱ्यांनाच अशी चूक सुचते.

शनिवारी अकरावी फ्रेम भरली. सोमवारी दुकानात, कुलरसमोर बसून कोकिळा डबा खात होती तेव्हा सुनंदाच्या नवऱ्याचा, रमेशचा फोन आला.

“ताई, तुम्ही काही बोलल्या का हिला?”

“नाही हो. काय झालं?”

“सकाळपासून दीवारीकडे तोंड करून बसेल आहे. हाक मारली तर ओ देते, पण वळत नाही. मी म्हटलं समोर जाऊन पाहू, तर...” रमेशचा आवाज बारीक झाला. “दीवारीला इतकी चिकटेल आहे ना ताई, समोर जागाच नाही.”

पाठ करून बसलेली म्हटल्यावर कोकिळाला पाठमोरीच आठवली. तिनं लॅपटॉप उघडून पहिला भाग लावला. केळीच्या बागेतली पाठमोरी नेहमीसारखी चालत होती, पण आज तिचा कान दिसत होता. पाचव्या भागात गाल दिसला. अकराव्यात, घाटाच्या पायरीवर, नाकाचा शेंडा. निंबानं तिला नाक कधी काढलंच नव्हतं.

ग्रुपात तोवर बोंब उठली होती. आणखी कुणीकुणी ते पाहिलं होतं. ‘दीदी, सब डिलीट करो,’ ‘चॅनलच बंद करा,’ ‘आत्ताच्या आत्ता उडवा.’ कोकिळाचं डोकं फिरलं. भीती होतीच, पण रागानं त्या भीतीला मागे ढकललं. तिनं लिहिलं, ‘ज्यानं एकेक रेघ बोटानं ओढली त्याचं उडवायचं? चूक आपली आहे, त्याची नाही. कोणी कशाला हात लावायचा नाही.’ आणि लॅपटॉप पाठीला लावून तिनं फोपनारची रिक्षा धरली. कोरी फ्रेम नेमकी कुठं होती ते आता फक्त निंबाच्या जुन्या मोबाईलमध्ये होतं.

फोपनारला उतरली तेव्हा ऊन नुसती आग ओकत होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वारा पडलेला, तरी बागांमधली वाळकी पानं एकमेकांवर घासत होती, आणि कुजलेल्या केळीच्या खांबांचा आंबूस वास गावभर बसला होता. निंबाची आई, मथुराबाई, ओट्यावर गोधडी शिवत होती. कोकिळानं सगळं सांगितलं. म्हातारीनं सुई थांबवली नाही.

“त्यानं ते मुद्दाम सोडेल होतं, पोरी.” तिनं गोधडीचा कोपरा पुढे केला. तिथं एक टाका मोकळा होता. “मी बी शेवटचा टाका घालत नाही. माझी सासू बी नव्हती घालत. निंबाले हेच सांगे मी. तो हसे, पण ऐके.”

“आणि घातला तर, मावशी?”

“पुरं झालेलं मग आपलं राहत नाही. त्याले जागा लागते.”

“कोणाची जागा...?”

मथुराबाईची सुई थांबली.

“सगळं पुसून टाकू का मग?”

“पुसशील तर तुझी मैत्रीण तिकडंच राहील. टाका उसव. कापू नको.”

निंबाच्या खोलीत एक खाट, एक खिडकी आणि कोनाड्यात मोबाईल. वीज गेलेली. कोकिळानं पॉवर बँक लावली, मोबाईल सुरू केला आणि भिंतीकडे पाठ करून बसायला गेली, तर खाटेपाशी तेवढी जागाच नव्हती. दाराकडे पाठ करूनच बसावं लागलं.

मोबाईलवर निंबाचा भाग लावायचा, पांढरा झटका कुठं येतो ते मोजायचं, लॅपटॉपवर तीच फ्रेम कोरी करायची. पहिला भाग झाला. कान दिसेनासा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला तिच्या मोबाईलवर ग्रुप वाजला. वर लिहून आलं होतं, निंबा टाइप करत आहे.

निंबाचा मोबाईल तिच्या मांडीवर होता. त्याला कोणी हात लावला नव्हता.

‘राहू दे,’ असं आलं. मग, ‘पुरं होऊ दे.’

 एका बोटानं कोकिळानं लिहिलं, ‘निंबा मला ताई म्हणायचा. तू कोण?’ आणि तिसरी फ्रेम कोरी केली. तिनं चौथा भाग उघडला.

सातव्या भागाला खोलीतला वास बदलला. ओल्या पायरीचा, शेवाळाचा वास. नवव्याला मागे, उंबऱ्यावर, ओल्या पावलांचा चपचप आवाज झाला आणि थांबला.

“कोकिळा...” आवाज सुनंदाचा होता. अगदी तिचा. “मी आलीय गं... इकडे बघ ना.”

मान वळवायची इतकी ओढ लागली की तिला खाटेची दोरी धरून ठेवावी लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तरी ती बोलली, आणि आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“मी नाही वळणार! वळायचं तुला आहे. तुझी जागा तिकडं आहे, निंबानं दिलेली. आमच्या माणसांच्या जागेवर बसायला तुला कोणी सांगितलं गं?”

“एकदाच... बघ ना...”

“हट!” कोकिळा ओरडली आणि दहावी फ्रेम कोरी केली. मग अकरावी. पांढरा झटका बसला. पाठमोरीचं नाक, गाल, कान, सगळं पलीकडं गेलं. मागचा वास विरला. ओट्यावरून मथुराबाईच्या सुईचा आवाज पुन्हा यायला लागला.

लगेच रमेशचा फोन आला. तो रडत होता. “वळली, ताई! चहा मांगते म्हणे!”

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून कोकिळा देडतलाईला गेली. सुनंदानं दारातच तिला मिठी मारली. हसली, चेष्टा केली, ग्रुपातल्या भांडणांची चौकशी केली. कोकिळाच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग सुनंदा चहा गाळायला वाकली आणि पदर बाजूला झाला.

तीळ डाव्या कानाखाली होता.

कोकिळानं रमेशला हळूच विचारलं. तो हसला. “तिथंच तर होता ना, ताई.” कधीच डावखुरी नसलेली सुनंदा डाव्या हातानं चहा ओतत होती.

कोकिळा ओट्यावर आली. लॅपटॉप उघडून अकरावा भाग लावला आणि थांबवला. घाटाच्या पायरीवर पाठमोरी उभी होती, पूर्ण पाठ करून, निंबानं काढली तशीच. फक्त उजव्या कानाखाली, पेन टेकवून ठेवल्यासारखा एक काळा ठिपका होता.

तिला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं ग्रुपात लिहिलं, ‘अकराव्या भागाला हात लावू नका. काम बाकी आहे.’

“कोकिळा...” आतून हाक आली. “चहा निवू राहिला. वळ ना इकडे...”

कोकिळानं मान ताठ ठेवली. पडद्यावर बोट टेकवून ती पुटपुटली, “सुनंदे, मी आहे इथं. तुला घेतल्याशिवाय मी हलत नाही. बघतेच, कोण मला हलवतं ते.”

व्हिडिओ थांबवलेला होता. तरी पाठमोरीनं उजवा हात हळूच वर नेला आणि कानामागचे केस बाजूला धरले, तीळ नीट दिसावा म्हणून.