पिवळ्या जर्सीचे बूट

सकाळी सव्वासहाला धनश्री सामंतच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. गळ्यातली शिट्टी पाहून कल्पेशने "पीटीचे सर!" असं मनातल्या मनात ताडलं आणि तो स्वतःवर खूश झाला. त्या दिवशी त्याचा बरोबर आलेला हा एकमेव अंदाज, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

कल्पेश पूर्वी मसाटच्या एका कारखान्यावर वॉचमन होता. आता तो धनश्रीची स्कूटर चालवायचा, निरोप पोहोचवायचा आणि प्रत्येक प्रकरणात किमान तीन निर्दोष माणसांना गुन्हेगार ठरवायचा. टोकरखाड्यातल्या त्या दोन खोल्यांत बसून धनश्रीने सिल्वासातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कुलपं उघडली होती, पण कल्पेशचा उत्साह तिला कधी आवरता आला नाही.

"बसा सर. चहा घेणार?"

"चहा नको, बूट हवेत," ते म्हणाले. "मी नारायण खोत. शाळेत शिकवतो आणि सायकलचा एक संघ चालवतो. पाच दिवसांची शर्यत चालू आहे. आज शेवटचा टप्पा, नऊ वाजता. माझा विशाल अकरा सेकंदांनी सगळ्यांच्या पुढे आहे. पिवळी जर्सी त्याच्याकडे आहे. आणि त्याचे बूट चोरीला गेलेत."

"दुसरे द्या की!" कल्पेश म्हणाला.

गृहपाठ न करणाऱ्या पोराकडे पाहावं तसं सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "आमच्या गाडीवर जादा सायकल असते, जादा चाकं असतात, जादा हेल्मेट असतं. बूट मात्र ज्याचे त्याचे. तळव्याला एक पट्टी असते, ती पेडलमध्ये अडकते. तिचा कोन केसभर चुकला, तर शंभर किलोमीटरमध्ये गुडघा कामातून जातो."

"म्हणजे अडीच लाखांची सायकल सोडून चोराने जुने बूट नेले," धनश्री म्हणाली. "बाहेरच्या माणसाला एवढी अक्कल नसते. कुणावर संशय आहे?"

सर खाली बघू लागले. "विशाल म्हणतो, गोकुळने घेतले. एकाच खोलीत राहतात दोघं. गोकुळ मसाटला कारखान्यात असतो, बिनपगारी रजा घेऊन आलाय. त्याचं काम म्हणजे विशालच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याला पाणी आणून द्यायचं. स्वतः जिंकायचं नाही. काल संध्याकाळी तो पिशवी घेऊन मागच्या भिंतीवरून उतरताना दिसला. कुठे गेला होता, ते सांगत नाही. आठपर्यंत बूट मिळाले नाहीत, तर त्याला काढावं लागेल. आणि चोर म्हणून काढलेल्याला दुसरा कुठला संघ दारात उभा करत नाही हो."

सरांना हे बोलणं जड गेलं. पोरगा त्यांच्याच तालमीत वाढला होता.

*

संघ उतरला होता खेरडीच्या वाटेवरच्या आमराईत, एका जुन्या अतिथीगृहात. जाताना सर दुसऱ्याच दुःखात शिरले.

"काल चारला पेपर विशालच्या हातात दिला. त्याचा फोटो आला होता. आज कात्रण कापायला मागितलं, तर म्हणतो, कुठला पेपर? एरवी एकेक कात्रण छातीशी धरणारा मुलगा! टेन्शन, दुसरं काय."

पहिले भेटले मेकॅनिक भगवंतकाका. सायकली ओळीने टांगून ते साखळ्या पुसत होते.

"विशालशी भांडण झालं का?" धनश्रीने थेट विचारलं.

"झालं की. काल खानवेलच्या उतारावर कुत्रं आडवं आलं आणि पडला. डाव्या अंगावर. म्हणे ब्रेक लागला नाही. माझा ब्रेक, आणि लागणार नाही?" काकांनी फडकं आपटलं. "पण लगेच उठला, गोकुळने ओढत शेवटपर्यंत आणला. डॉक्टरांनी विचारलं, तर हसून हात वर केला."

खुंट्यांवर हेल्मेटं होती. धनश्रीने विशालचं, अकरा नंबरचं, उलटं करून पाहिलं. आतल्या थर्माकोलला मागच्या बाजूला बारीक चीर गेली होती.

"आत्ताच दिसली मला," काका म्हणाले. "बदलून देतो. जादाचं आहे."

"आणि हे गुलाबी काय?" एका सायकलच्या हँडलला केसांचं छोटं रबर गुंडाळलेलं होतं.

"गोकुळची सायकल. शुभ असतं म्हणतो. तो पोरगा म्हणजे एक कोडंच आहे. टप्पा संपला की सगळ्यांच्या खिशातून खजुराच्या वड्यांचे चांदीचे कागद निघतात. रस्त्यावर टाकायचे नाहीत, असा नियम आहे. ह्याच्या खिशातून एक निघत नाही. कागदासकट गिळतो का काय!"

बाहेर येताच कल्पेश कुजबुजला, "ताई, हाच. ब्रेकचा राग."

"ब्रेकचा राग बुटांवर?" धनश्री म्हणाली. "चल, पुढे."

स्वयंपाकघरात आक्काबाई पोहे परतत होत्या. अतिथीगृहाच्या चाव्या, चूल आणि बातम्या, तिन्ही त्यांच्याकडे.

"भिंतीवरून मीच पाहिलं त्याला," त्या म्हणाल्या. "सहा वाजले असतील. अर्ध्या तासात परत आला, पिशवी रिकामी. मी सांगितलं आणि आता जिवाला लागलंय बघा. गरीब पोरगं. ताट धुऊन ठेवतो स्वतःचं. विशालनं तर काल घास खाल्ला नाही. फोडणीचा वास नको म्हणाला."

"सगळीकडे शोधलंत?"

"खोल्या, गाडी, गच्ची, विहिरीचा काठसुद्धा. बंबाची खोली तेवढी नाही. दोन वर्षांमागं हीच पोरं आली होती, तेव्हा तिथं बूट वाळत घालायची. आता सोलर आलंय. दिवाळीत तिथं साप निघाला, तेव्हापासून कुणी फिरकत नाही. आल्या दिवशीच सगळ्यांना बजावलंय, साप आहे म्हणून. कोण मरायला जातंय!"

कल्पेशने नकळत पाय वर घेतले आणि पोह्यांची दुसरी बशी मागितली.

*

विशाल पिवळी जर्सी घालून खाटेवर बसला होता. खिडकीचे पडदे ओढलेले होते. वय पंचविशीतलं, चेहरा राजबिंडा, पण उतरलेला.

"चहा घेतलात का?" त्याने अदबीने विचारलं.

"घेतला. बूट शेवटचे कधी पाहिलेस?"

"काल चारला काढले. डोक्यावर पाणी ओतून ओतून भिजले होते. इथेच ठेवले, खाटेखाली." तो थोडा थांबला. "गोकुळनेच घेतले. माझ्यामागे राबून कंटाळला असेल. मी नसलो की आज त्याला स्वतःसाठी पळता येईल. तीन वर्षं भाऊ मानलं त्याला. चोर निघाला."

दारात गोकुळ पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं. बाटली विशालच्या हाताशी ठेवली, झाकण सैल करून ठेवली, आणि तो निघून गेला.

चोर असला तरी असं तोंडावर ऐकवू नये, असं कल्पेशला वाटलं.

"चहा घेतलात का?" विशालने पुन्हा विचारलं. मग खिडकीकडे वळून हाक मारली, "आक्काबाई, बंब पेटला का? अंघोळ राहिलीय!"

"पेटला, पेटला!" बाहेरून उत्तर आलं. "नळ सोडा महाराज, सोलर आहे!"

व्हरांड्यात हशा पिकला. कल्पेशही हसला. धनश्री मात्र हसली नाही. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला होता.

गोकुळ आंब्याखाली उकिडवा बसला होता. गालफडं बसलेली, पिंडऱ्या दोरखंडासारख्या.

"मुलगी किती वर्षांची?" धनश्री त्याच्या शेजारी बसत म्हणाली.

तो दचकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गुलाबी रबराने. आणि चांदीच्या कागदांनी."

गोकुळचे डोळे भरून आले, आणि सिल्वासातली मिसळलेली भाषा सुटून खानदेश बाहेर आला. "मनी पोर से ताई. गुड्डी. चार वरीसनी." मग सावरून म्हणाला, "माझी पोर. मसाटला चाळीत राहते. पाच दिवस बाप गावात असून दिसत नाही, म्हणून रडते. शर्यतीत घरी जायचं नाही, सरांचा नियम आहे. मी माझ्या वाटच्या वड्या खात नाही, काल भिंतीवरून जाऊन त्या तिलाच दिल्या. पण माल संघाचा. पळायला दिलेला. ते कसं सांगू? एक चोरी कबूल केली, तर दुसरी आपोआप माझ्या नावावर येईल."

"काल विशाल पडल्यावर काय झालं?"

"माझ्या चाकाला चिकटून आला. सारखं विचारत होता, गोकुळ, किती राहिले? मी सांगायचो, वीस. दोन मिनिटांनी परत, किती राहिले? उन्हाने होतं असं."

धनश्री उठली. व्हरांड्याच्या कोपऱ्यातली काठी घेतली आणि एकटीच मागच्या बाजूला गेली. पाच मिनिटांनी परतली तेव्हा तिच्या ओढणीखाली काहीतरी होतं.

*

पावणेआठला सगळे जेवणाच्या खोलीत जमले. सरांनी शिट्टी मुठीत घट्ट धरली होती.

"चोर सापडला?"

"चोर नाही, सर. चोरी झालीच नाही." धनश्रीने पांढरे बूट टेबलावर ठेवले. दोन्हींत वर्तमानपत्राचे बोळे गच्च कोंबलेले होते. "बंबाच्या खोलीत होते. भिंतीला टेकवून, नीट शेजारी शेजारी. चोर माल लपवतो. ओल जावी म्हणून आत कागद भरत नाही. हे बूट ज्याचे आहेत, त्यानेच वाळत घातले."

तिने एक बोळा उलगडला. सायकलवर हात उंचावलेला विशाल, चुरगळलेला.

"हा पेपर तुम्ही काल विशालच्या हातात दिलात. शुद्धीवरचा विशाल स्वतःचा फोटो बुटात कोंबेल? आता खोली. तिथे साप आहे, हे इथल्या प्रत्येकाला माहीत. सहज कुणी गेलं नसतं. गेला तो, ज्याला साप आठवत नव्हता आणि बंब चालू आहे असं वाटत होतं. आणि आज सकाळी बंबाची चौकशी कुणी केली?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. व्हरांड्यात हसलेल्यांपैकी आता कुणी हसलं नाही.

"विशाल," तिने हळू विचारलं, "काल टप्पा कुठे संपला?"

"वापीला," तो सहज म्हणाला.

"वापीला संपला होता तो दोन वर्षांपूर्वी," सर पुटपुटले. "काल इथेच. चौकात."

"डोकं आपटलंय त्याचं. हेल्मेटला आतून चीर आहे. त्याला उजेड सोसत नाही, वास सोसत नाही, विचारलेलं पुन्हा विचारतो. काल रस्त्यावर गोकुळला, आज मला. तो खोटं बोलत नाही. बूट खाटेखालीच ठेवले, हे त्याला खरंच वाटतंय. मधला वेळ त्याच्याकडे राहिलाच नाही. तुम्ही बुटांसाठी मला बोलावलंत. पण बूट हरवले नसते, तर नऊ वाजता हा त्याच उतारावर पुन्हा गेला असता."

सरांनी मुठीतली शिट्टी टेबलावर ठेवली. आक्काबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मला काही झालेलं नाही!" विशाल ओरडला. "अकरा सेकंद आहेत माझे! द्या ते बूट!" तो उठला आणि तोल जाऊन त्याने टेबल धरलं.

त्याला सावरायला सगळ्यात आधी गोकुळ पुढे झाला. "भाऊ, काल तू विचारत होतास ना, किती राहिले?"

"किती राहिले?" विशालने लहान मुलासारखं विचारलं.

"संपले. पोहोचलो आपण. चल, गाडीत बस."

आणि विशाल मुकाट्याने त्याच्या खांद्यावर हात टाकून चालू लागला.

*

गोकुळ त्या दिवशी पळाला. सरांनी त्याला हात जोडले, तर तो लाजून सायकलवर चढला. मसाटच्या नाक्यावर कल्पेश उभा होता, खांद्यावर गुड्डीला घेऊन. चाळीत जाऊन तिला आणायची आज्ञा खुद्द सरांची. गोकुळ नववा आला. शेवटच्या टप्प्यात संघातला सगळ्यात पुढचा तोच होता.

दुपारी सगळे इस्पितळात गेले. मेंदूत बारीक रक्तस्राव होता. वेळेवर आणलंत, पुन्हा पडला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आता धोका टळला होता.

विशाल उशीला टेकून पडला होता. कालचं आणि आजचं बरंचसं त्याच्या पाटीवरून पुसून गेलं होतं.

"माझे बूट हरवले होते म्हणे?" त्याने विचारलं.

"सापडले," गोकुळ म्हणाला. "ओले होते, वाळत होते."

विशालने गोकुळचा हात धरला. "गोकुळ, मी तुला काही बोललो का रे? काहीतरी वाईट? मनात सारखं टोचतंय."

कल्पेशने खाकरून तोंड उघडलं. धनश्रीने त्याच्या पायावर पाय दिला.

"नाही भाऊ," गोकुळ त्याची चादर सारखी करत म्हणाला. "तू काय बोलणार मला?"

पुराव्याशिवाय कुणाचा शब्द न मानणाऱ्या धनश्री सामंतने ती धडधडीत खोटी साक्ष ऐकली, आणि एकही प्रश्न न विचारता ती खोलीबाहेर आली.