मुकुंदवाडीकडे वळलेली दुर्बीण

"चाचा, भिंग शेवटचं कधी पाहिलंत?" महेजबीनने विचारलं.

टेकडीवरच्या शंभर वर्षं जुन्या वेधशाळेतून दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग डबीसकट गेलं होतं. संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर ट्रस्टवाले पोलिसांत जाणार होते. सगळ्यांचा संशय जुने रखवालदार कमरोद्दीनचाचांवर, आणि उद्या ते निवृत्त होणार! म्हणून त्यांनीच या खासगी गुप्तहेर बाईंना बोलावलं होतं.

"काल. पाहुण्यांना गुरू दाखवला, दुर्बीण आभाळाकडं उभी केली, कुलूप लावलं. किल्ली हापिसात असती. आज दुपारी येऊन बघतो तर हे असं."

दुर्बीण खाली झुकली होती. महेजबीनने नळीच्या रेषेत पाहिलं. मुकुंदवाडी स्टेशन, त्यापलीकडे घरांच्या गच्च्या. भिंगाच्या जागी धुतलेला रुमाल घट्ट बांधला होता.

"चोराला घाई नव्हती," अभय म्हणाला. महेजबीनचा हा मदतनीस दिसलेलंच मोठ्याने सांगण्यात पटाईत होता.

गाईड दीपमाला कन्नड गावाहून एसटीने यायची. "दोन वर्षं झाली, मॅडम, रोज लोकांना ग्रह दाखवते. आज आत्ताच पोचले."

दिवसाचा पहारेकरी बन्सी आठवड्यापूर्वीच लागला होता. "मी मुकुंदवाडीचा. दुर्बिणीला हातबी लावला नाय."

"घरी कोण असतं?"

"बायको, चंपाबाई. वाळवणं चाललीत. दिसभर गच्चीवरच असती."

महेजबीनने तिघांना दुर्बिणीपाशी बोलावलं.

"तारे बघणारा दुर्बीण गच्चीकडे वळवत नाही. आणि धूळ जाऊ नये म्हणून रुमाल बांधणारा हा कसला चोर? हे घाबरलेल्या माणसाचं काम आहे. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. चाचांना आणि दीपमालाला ते रोजचं. नवा माणूस मात्र हबकेल. बन्सीभाऊ, चंपाबाई कशा दिसल्या?"

बन्सी रडकुंडीला आला. "डोकं खाली, पाय वर! वाटलं, दुर्बीण माझ्याच हातानं मोडली. गुपचूप चष्मेवाल्याकडं नेलं. तो म्हणला, भिंग चांगलं हाय. परत आलो तवर इथं बोंब झालती." त्याने जेवणाच्या पिशवीतून डबी काढली.

"म्हणजे मोडलीच नव्हती!" अभय म्हणाला.

चाचा हसता हसता डोळे पुसू लागले. किती मोठं ओझं उतरलं होतं त्यांच्यावरचं!

संध्याकाळी ट्रस्टवाल्यांनी चाचांची माफी मागितली. भिंग परत बसलं आणि चंद्र बघायला लोकांची रांग लागली. बन्सीने बोलावलेल्या चंपाबाईंना चाचांनी रांगेत पहिलं उभं केलं. चंपाबाईंनी डोळा लावला, तो काढेचनात.

"चंद्रबी उलटाच व्हय?" बन्सीने हळूच विचारलं.

"उलटाच. पण लई देखणा हाय," बायकोनेच उत्तर दिलं.

चाचांनी बन्सीच्या हातात किल्ली ठेवली. "उद्यापासून कुलूप तू लाव. आणि बघायचं असलं तर विचारून बघत जा, बाबा!"